दोन सोसायट्यांमधली भिंत

नवऱ्याने निवृत्त झाल्यावर शहर सोडायचं मनावर घेतलं होतं. तो पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवायचा. आयुष्यभर लोखंडी भागांची चित्रं काढून झाल्यावर त्याला आता स्वतःच्या हातांनी मातीचं घर बांधायचं होतं. त्याच्या मित्रांनी मिळून पुण्यापासून दीड तासावर, डोंगराच्या पायथ्याशी जमीन घेतली होती. मातीची घरं, सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, सांडपाण्यावर वाढवलेली केळी, छतावर सौर पॅनेल. मित्र त्याला 'इको-व्हिलेज' म्हणायचे. शेजारच्या वाडीतले लोक म्हणायचे 'सरांची कॉलनी'.

एका रविवारी आम्ही बघून आलो. जागा खरंच सुंदर होती. भिंतीला हात लावला तर गार लागत होतं. पाहुणचारही मनापासून झाला. परत येताना गाडीत त्याने विचारलं, "कसं वाटलं?"

"छान आहे. पण सगळे आपल्यासारखेच आहेत रे."

"म्हणजे?"

"आपल्याच वयाचे, आपल्यासारखंच बोलणारे, आपल्यासारखीच पुस्तकं वाचणारे. तिथे भांडायचं कोणाशी?"

तो हसला, पण मला माहीत होतं की त्याचं मन तिकडेच राहिलंय. पावसाळा संपला की ठरवू, असं आमचं ठरलं. मी अजून सकाळी एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जात होते, त्यामुळे मलाही घाई नव्हती.

बिबवेवाडीतली आमची सोसायटी जुनी, तीन मजली, लिफ्ट नसलेली. शेजारची सोसायटी नवी आणि उंच; तिच्यात निम्मे भाडेकरू, बरेचसे आयटीवाले. मध्ये एक कंपाउंडची भिंत, वर काचा खोचलेल्या. भिंतीच्या आमच्या बाजूला पार्किंगच्या मागे एक चिंचोळी पट्टी होती. जिने दुरुस्त केल्यावर उरलेला राडारोडा, फुटक्या फरश्या, कोणाचं तरी जुनं कमोड, सगळं तिथे जाऊन पडायचं. त्यांच्या बाजूला पर्जन्यवृक्षाचा पाचोळा साठायचा आणि थंडीत तो रोज संध्याकाळी पेटायचा. धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात. पलीकडच्या लोकांविषयी आम्हाला एवढीच माहिती होती.

ऑगस्टमध्ये सलग पाऊस लागला आणि एका दुपारी ती भिंत पडली. मी नुकतीच जेवून आडवी झाले होते. धप्प असा आवाज आला, खिडक्या थरथरल्या. खाली धावले तर मधला मोठा तुकडा आडवा झालेला, आणि त्याखालून आमच्या सेक्रेटरींच्या स्कूटरचं हँडल तेवढं वर आलेलं. सुदैवाने माणूस कोणी नव्हतं. सेक्रेटरी छत्री घेऊन उभे होते. पंचाहत्तरीचे, सरकारी हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो.

"काका, स्कूटर गेली हो तुमची."

"गेली नाही. आहे तिथेच आहे," काका म्हणाले.

इतकी वर्षं दोन्ही सोसायट्या त्या भिंतीला 'आमची भिंत' म्हणत होत्या. पडल्यावर मात्र ती अचानक समोरच्यांची झाली. बांधायची कोणी यावर पत्रं गेली, उलटी पत्रं आली. तोवर आडोशाला टिनाचे पत्रे ठोकायला बोलावलेला माणूस 'उद्या येतो' म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उगवला नाही. राडारोडा बाजूला झाला, आणि मध्ये पाच-सहा माणसं शेजारी शेजारी चालत जाऊ शकतील एवढी फट राहिली.

त्या फटीतून पहिल्यांदा आमच्याकडे आल्या त्या पलीकडच्या तळमजल्यावरच्या बाई. यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नवरा गेल्यावर मुलाने इथे आणलं होतं. मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. एका सकाळी त्या थेट आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्याकडे गोडनिंब आहे ना जी? खिडकीतून रोज दिसते. चार डहाळ्या घेऊ का?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी कढीपत्त्याच्या झाडाकडे बोट दाखवलं.

"घ्या की. विचारायचं काय त्यात!"

"विचारावं लागते. इथले लोक पाट्या लावतात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वाटीभर कढी आली. वाटी परत द्यायला मी गेले, तर त्यांनी बसवून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्या फटीशी उभ्या राहून आमच्या राडारोड्याकडे बघत होत्या. "हे काहून ठेवलं असं? एवढी जागा पडून राहिली. इथे सांबार लावू, पालक लावू."

"सांबार?" माझ्या डोळ्यांपुढे इडलीची ताटली आली.

"सांबार वो! तुमची कोथिंबीर."

नवरा वर गॅलरीत बसून मातीच्या घरांवरचं काहीतरी वाचत होता. त्याला मी खाली बोलावलं. बाईंनी त्याच्या हातात घमेलं दिलं. शाळेत अख्खं गाव कामाला लावलेल्या बाईंपुढे तो नाही म्हणू शकला नाही. पुढचे कित्येक दिवस ती दोघं फरश्या आणि विटा वेचत होती. पलीकडच्या तिसऱ्या मजल्यावरचे दोन आयटीवाले तरुणही शनिवारी हाफ पँटीत हजर झाले, एरवी जिमला जातो त्याऐवजी, म्हणाले. कमोड कोणाचं, हे मात्र शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही.

पाचोळ्याचं खत करायला नवऱ्याने कोंबडीच्या जाळीची दोन मोठी गोल पिंपं केली. पानं त्यात जायला लागली, वरून घराघरातला भाजीचा कचरा. पहिल्या महिन्यात इतका वास सुटला की आमच्या पहिल्या मजल्यावरच्यांनी खिडकीतून नाकाला रुमाल लावून आमचं स्वागत केलं. मग कळलं की ओलं जास्त आणि सुकं कमी पडत होतं. सुधारलं. त्या वर्षी थंडीत धूर झाला नाही. एका संध्याकाळी मी पोळ्या करत असताना खिडकी उघडी आहे आणि डोळे चुरचुरत नाहीत हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी तवा उतरवून जरा वेळ खिडकीशीच उभी राहिले.

नवऱ्याने तिथे बसायला मातीचा कट्टा घातला. अगदी पुस्तकात दिल्यासारखा, माती, गवत, शेण मळून. अवकाळी पावसाच्या एका सरीत त्याचा चिखल झाला. "वाचून झालं असेल तर आता चुना घाला," बाई म्हणाल्या. दुसरा कट्टा टिकला.

काकांना हे काहीच पसंत नव्हतं. "आज वाट आहे, उद्या वरात जाईल," ते म्हणायचे. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पलीकडे कोण येतं, कोण जातं, कोणालाच नीट माहीत नसे. भिंत पूर्ववत बांधायचा ठराव त्यांनी सभेपुढे ठेवला होता. काकांच्या घरी काकू आणि ते दोघंच. काकूंना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. काका त्यांना कधी एकटं सोडत नसत आणि त्याविषयी कधी बोलतही नसत.

सभेच्या आधीच्या आठवड्यात, दिवेलागणीच्या सुमारास काका आमच्या दारात आले. बेल वाजवली नाही, दारच वाजवलं. "हिला पाहिलंत का?" एवढंच म्हणाले. ते अंघोळीला गेले होते तेवढ्यात काकू बाहेर पडल्या होत्या. पूर्वी एकदा त्या सातारा रस्त्यापर्यंत गेल्या होत्या, वाहनांच्या मधोमध उभ्या सापडल्या होत्या. नवऱ्याने स्कूटर काढली आणि तो मुख्य रस्त्याकडे गेला. मी वरखाली सगळ्या दारांवर विचारलं. काका फाटकाशी उभे होते, हातात काकूंच्या चपला. त्या अनवाणी गेल्या होत्या.

मग मला पलीकडून बाईंची हाक ऐकू आली. "अवो, तुमच्या काकू इथे आहेत!"

काकू त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होत्या. समोर टरफलांचा ढीग. त्यांनी काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या ना, बसा. चहा घेणार?" जसं काही काका त्यांच्याच घरी आलेले पाहुणे. काका बसले. चपला अजून हातातच होत्या. बाईंनी त्या अलगद काढून घेतल्या आणि दाराशी ठेवल्या.

"कळवायला हवं होतं ना लगेच," मी बाईंना हळूच म्हटलं.

"हात धरून आणलं असतं, पण उठतच नव्हत्या. अन् यांना एकटं सोडून मी कशी येऊ? हाकाच मारून राहिली होती केव्हाची. तुम्ही सगळे तिकडे फाटकाकडे पळाले."

काकांनी चहा घेतला, काकूंबरोबर थोडे मटार सोलले. त्यांना मटार सोलता येत नव्हते. निम्मे दाणे जमिनीवर जात होते आणि काकू ते उचलून त्यांना रागावत होत्या. काकूंना इतकं स्वच्छ बोलताना मी बऱ्याच महिन्यांनी ऐकत होते.

सभा दोन्ही सोसायट्यांची मिळून कट्ट्यापाशीच झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुष्कळजण उभे. कोणी म्हणालं भिंत बांधा, कोणी म्हणालं कमरेइतकी ठेवा, कोणी म्हणालं मध्ये दार करा आणि रात्री कुलूप लावा. काका शेवटी उठले. ठराव त्यांचाच होता.

"भिंत कमरेइतकी पुरे, मध्ये वाट मोकळी ठेवा," ते म्हणाले. "दार नको. दार केलं तर ते केव्हातरी बंद राहील, आणि आमची ही मग फाटकातून रस्त्यावर जाईल." मग म्हणाले, "वॉचमन मात्र दोघांनी मिळून ठेवायचा. आणि हाफ पँटवाल्यांनी रविवारी सकाळी गाणी जरा हळू लावायची."

मंजूर झालं. हाफ पँटवाल्यांनीसुद्धा हात वर केले.

पावसाळा केव्हाच संपला होता, आणि ठरवू म्हटलेलं ठरवायचं राहून गेलं होतं. डिसेंबरात मित्राचा फोन आला, तेव्हा नवरा कट्ट्यावर बसून कोणाच्या तरी कुकरचं हँडल दुरुस्त करत होता. "नाही रे, आम्ही नाही येत राहायला," तो म्हणाला. "तुमच्या भिंती लिंपायला मात्र बोलाव." फोन ठेवून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "भांडायला इथे बरे लोक आहेत." महिन्यातून एकदा तो तिकडे जातो, हातापायांना माती लावून येतो. मीही कधी जाते. ती माणसं चांगली आहेत, त्यांचं चाललंय ते मनापासून चाललंय. पण त्यांनी एकमेकांना निवडून घेतलंय. आमचं तसं नाही. आम्हाला जे मिळाले त्यांच्याबरोबर कोथिंबीर लावायची होती.

आमचं काही गाव झालेलं नाही. कचऱ्याच्या पिंपात अजूनही कोणीतरी प्लास्टिक टाकतं. मेथी एकदा सगळी गोगलगाईंनी खाल्ली. पाणी घालायच्या पाळीवरून आमच्या पहिल्या मजल्यावरचे आणि पलीकडचे एक गृहस्थ एकमेकांशी दोन महिने बोलत नव्हते, आणि दोघंही न चुकता पाणी घालत होते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत पालक सडला. काकूंना आता फारसं कोणी आठवत नाही. दुपारी काका त्यांना धरून पलीकडे नेतात. बाई त्यांच्यापुढे जे असेल ते निवडायला ठेवतात आणि काकांना पेपर मोठ्याने वाचायला लावतात, चुकले की सुधारतात.

सध्या बाई यवतमाळला गेल्या आहेत, भाचीच्या लग्नाला. जाताना वांग्यांची जबाबदारी माझ्यावर टाकून गेल्या. उन्हाळा कडक आहे. काल लॅबमधून आले ती दमूनच, पंख्याखाली बसले आणि फोन वाजला.

"वांग्याला पाणी घातलं?"

"घातलं ना."

"केव्हा?"

मी जरा थांबले.

"उठा," बाई म्हणाल्या. "मी फोन चालूच ठेवते."

मी फोन कानाला धरून बादली घेऊन खाली उतरले.