कस्तुराबाईच्या हिरडीवरची गाठ

चुडाव्याची कस्तुराबाई बोलायला लागली की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून ऐकत बसायच्या. निजामाच्या राज्यात महायुद्धाच्या बातम्या खेड्यापाड्यांत पोचत होत्या, त्या हिवाळ्यात ती एकाएकी गप्प झाली. तोंडावर पदर धरून पाणवठ्यावर यायची, घागर भरली की निघायची.

खालच्या हिरडीवर बोराएवढी लाल गाठ आली होती. दुखत नव्हती, पण भाकरी चावताना रक्त यायचं. तिची आई तोंडातल्या गाठीनंच गेली होती. वास सहन होईना म्हणून शेवटी तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. आता कस्तुराबाई दिवसातून कितीदा तरी तळहातावर फुंकर मारून वास घेऊन बघायची.

एकदा जेवताना तिच्या भाकरीवरचं रक्त नवऱ्याला, लिंबाजीला, दिसलं.

"कवापासून हाय हे?"

"दिवाळीपासून."

"अन् मला सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय करणार व्हता तुमी? गोठा झाडून ठेवणार व्हता?"

लिंबाजीनं ताट सरकवलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला हैदराबादच्या गाडीत बसवलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी गाठ कापली, खालचं हाड खरवडलं, दोन दातही काढले. गाठीचा तुकडा तपासणीला गेला. उत्तर येईपर्यंत दोघं जवळच्या सराईत राहिले. तिथं कस्तुराबाईनं गळ्यातली बोरमाळ काढून त्याच्या हातात दिली.

"सुमनला द्या," ती कशीबशी म्हणाली. सुमन त्यांची लेक.

त्यानं माळ पुन्हा तिच्या गळ्यात घातली. फासा काही केल्या बसेना.

शेवटी डॉक्टरांनी बोलावलं. "बाई, डरो नक्को. ये वो बीमारी नै."

"त्यो रोग न्हाई म्हणत्यात," लिंबाजी म्हणाला. "साधी गाठ व्हती."

"पुन्हा इचारा."

त्यानं विचारलं. डॉक्टरांनी शांतपणे तेच सांगितलं. अशी गाठ कधीकधी परत येते, तेव्हा पुन्हा काढता येते, पण तिनं जिवाला धोका नाही. कस्तुराबाईच्या मनात 'परत येते' एवढंच राहिलं.

गाठ परत आली नाही. कस्तुराबाईनं सुमनची बाळंतपणं केली, नातवंडं खेळवली, पाणवठ्यावर पुन्हा बोलू लागली. फक्त बोलता बोलता मधेच थांबायची, जीभ त्या रिकाम्या जागेवरून फिरवायची. बायका तोवर वाट बघायच्या.