हवालदाराच्या दोन सोनूबाई

पडदा वर जातो. दुपारची वेळ. आमचं कोल्हापुरातलं नाट्यगृह, खुर्च्या रिकाम्या, आत अंधार, आणि दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात स्टुलावर एक माणूस ताठ बसलेला. खाकी शर्ट, मिशा वर वळवलेल्या, बूट असे चकचकीत की त्यात बघून आम्ही नटांनी रंग पुसावा. हे हवालदार पिराजी खोत. पलटणीतून निवृत्त होऊन डोअरकीपर म्हणून आले आणि त्या दाराचेच होऊन गेले.

मी त्या रंगमंचावर सेनापती पुष्कळ केले. पण लाकडी तलवार लावून विंगेत उभा राहिलो की वाटायचं, खरा शिपाई तिकडे दारात उभा आहे. नाटक संपल्यावर ते आपलं मत देत. "मास्तर, आवाज झकास. पर मरताना माणूस एवढं बोलत न्हाय. मी बघिटलंय की."

त्यांच्या घरी माझं जाणं-येणं होतं. पत्नीला ते ‘सोनू’ म्हणत, म्हणून आम्हा सगळ्यांच्या त्या सोनूवहिनी. मुली सासरी गेलेल्या, घरात दोघंच. वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्राजवळ चांदीचा एक टाक होता, बाईची आकृती ठोकलेला. तो सवतीचा टाक. बिजवराशी लग्न झालं की नव्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, सणाला तिला नैवेद्य दाखवायचा, नवं लुगडं आधी तिच्यापुढं ठेवून मग आपण नेसायचं. खोतांच्या भावकीत आणखी एक पद्धत होती. नव्या नवरीला पहिलीचंच नाव द्यायचं. म्हणजे घरातली गेलेली बाई रुसत नाही.

हवालदारांची पहिली सोनूबाई मलकापूरकडची. पासष्टच्या लढाईत ते पंजाबच्या सीमेवर असताना ती माहेरी तापानं गेली. पत्र आलं ते सगळं उरकल्यावर. "वाचलं, घडी घातली आन् ड्यूटीवर गेलो," ते मला एकदा म्हणाले होते. "कुनाला सांगिटलं न्हाय. सांगिटलं असतं तर खरं झालं असतं." पुढच्या वर्षी सुट्टीवर आले तर आईनं कुरुंदवाडची मुलगी बघून ठेवलेली. तिचं नाव चिमणाबाई. लग्नात तांदळाच्या ताटात नाव लिहिलं, सोनूबाई. सुट्टी संपवून परतल्यावर पलटणीच्या कारकुनानं विचारलं, घरची मंडळी ठीक? हे म्हणाले, ठीक. निवृत्तीच्या वेळी विचारलं, पत्नी? हे म्हणाले, सोनूबाई. त्यांच्या लेखी त्यात काही खोटं नव्हतं.

पण वहिनींनी मतदार ओळखपत्राच्या वेळी आपलं नाव चिमणाबाई सांगितलं होतं. शेजारणी हसल्या तेव्हा म्हणाल्या, "हासताय काय? सरकारम्होरं माझं नाव मी सांगू न्हाय तर कुनाचं सांगू?"

अठ्ठ्याण्णव साली हवालदारांना छातीचं दुखणं झालं. त्याच सुमारास गल्लीतल्या एका माजी सैनिकाच्या विधवेची पेन्शन नावातल्या फरकानं अडकली. ती बाई दारोदार फिरताना बघून हे हादरले आणि आपले कागद घेऊन सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी नीट समजावलं. पलटणीच्या दप्तरात तुमची पत्नी म्हणजे मलकापूरकडची सोनूबाई. कागदावर ती हयात आहे. घरात बसली आहे ती चिमणाबाई कोण, हे लष्कराला ठाऊकच नाही. तुमच्यामागं तिला काही मिळायचं नाही.

"मास्तर, चला माझ्यासंगं," हवालदार म्हणाले. "तुमचा आवाज पल्लेदार. मला साहेबाम्होरं नुसतं सलाम ठोकाया येतंय."

वहिनीही बरोबर निघाल्या. कोर्टाच्या आवारात हंबीरराव नावाचे वकील टेबल टाकून बसत. त्यांनी अर्धं ऐकूनच टाइपरायटरवाल्याला खूण केली. "सोपं आहे. सोनूबाई आणि चिमणाबाई ही एकच बाई. लग्नात नाव बदललं. माहेरचं गाव चुकून पडलं. प्रतिज्ञापत्र करून पाठवू. सगळे असंच करतात."

हवालदारांनी सुटकेचा श्वास सोडला. कागद टाइप होऊन आला. त्यांनी पेन हातात घेतलं.

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. पदराआडून त्यांनी टाक बाहेर काढला आणि वकिलांच्या नाकासमोर धरला. "एकच बाई व्हय? मग ही कोन वो वकीलसायेब? एवढी वर्सं माझ्या गळ्यात लोंबतीया ती?"

"अहो बाई, ते कागदापुरतं—"

"कागदापुरतं कसं? तिला जितीपनी मी बघिटली न्हाय. पर हिला दावल्याबिगर कवा नवं लुगडं अंगाला लावलं न्हाय. आन् आता माझ्या पेन्शनीसाठी तिला माझ्यातच पुरायची?"

"सोनू, गप बस," हवालदार हलक्या आवाजात म्हणाले. "माझा काय भरवसा हाय? उद्या गचकलो तर तू खाशील काय?"

"धुनीभांडी करीन. पर ही जल्मलीच न्हवती असं लिव्हून देऊ नगा."

  हवालदारांनी पेनाला टोपण लावलं.

"वकीलसायेब, कागद फाडा. दोघी हुत्या."

"मग पहिलीच्या मृत्यूचा दाखला आणा," हंबीरराव चिडून म्हणाले. "दुसरीच्या लग्नाचे साक्षीदार आणा. कोर्टाचा हुकूम आणा. करा वर्ष-दोन वर्षं वाऱ्या!"

आम्ही तिघं एस.टी.नं मलकापूरला गेलो, तिथून डोंगराकडच्या त्या गावाला. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. तापात गावच अर्धं आडवं पडलेलं, लिहून कोण घेणार? उरला एकच साक्षीदार, सोनूबाईचा भाऊ आकाराम. बहीण गेल्यापासून त्यानं खोतांच्या घराशी बोलणं टाकलं होतं. अंगणात आम्हाला बघून तो उठलाही नाही.

"आता आठवन झाली व्हय, दाजी? मी एकट्यानं अग्नी दिला तिला. तवा कुठं हुता?"

"पंजाबात," हवालदार म्हणाले.

तेवढ्यात वहिनी पुढं झाल्या. न विचारता उंबऱ्यावर बसल्या आणि गळ्यातला टाक काढून पुढं करत म्हणाल्या, "दादा, भनीला म्हायेरी आनलंय. पानी तरी इचारशीला का न्हाय?"

आकारामनं टाक तळहातावर घेतला. कितीतरी वेळ त्यावर अंगठा फिरवत राहिला. मग घरात ओरडला, "अगं ए, च्या टाक! पावनं न्हाईत, घरातली हाईत." त्या दिवशी हवालदारांनी पहिल्यांदा विचारलं, शेवटी काय म्हणत होती? आकाराम म्हणाला, "तुमचीच वाट बघत हुती. दुसरं काय म्हननार?" हवालदार परसात गेले आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आले.

आकाराम कोर्टात आला, स्वच्छ फेटा बांधून, आणि खणखणीत साक्ष दिली. हंबीररावांनीच काम चालवलं. आधी कुरकुरले, मग मनापासून झटले. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी हुकूम मिळाला, तो पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला, शंका विचारत परत आला, पुन्हा गेला. या काळात घरचा जिना चढताना हवालदार कठड्याला धरून थांबत आणि वर पोचल्यावर आधी विचारत, "टपाल आलं?"

दोन हजार साली टपाल आलं. पलटणीनं बदल आपल्या दप्तरात चढवला होता. ते पत्र मी त्यांच्या खोलीत उभा राहून वाचलं. पहिली पत्नी सोनूबाई, मयत. पत्नी चिमणाबाई, हयात. पहिल्या ओळीला हवालदार खुर्चीवरून उठून सावधानमध्ये उभे राहिले. दुसरी ओळ झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पुना एकदा वाचा की मास्तर. माझं वाचा."

त्यानंतर घरात मोठी गंमत झाली. बायकोला हाक काय मारायची? "ए सोनू... न्हवं, चिमणे!" असं दिवसातून अनेकदा चाले. चुकले की वहिनी ओ देत नसत. "थोरलीला हाक मारलीसा. ती दील की ओ."

पुढं तीन वर्षांनी, दिवाळीच्या तोंडावर, हवालदारांनी अंथरूण धरलं. सकाळी मी गेलो तेव्हा मुलीनं पाठवलेलं हिरवं लुगडं वहिनी घडी न मोडता टाकापुढं ठेवत होत्या. हवालदार उशीवरून बघत होते. त्यांनी हात हलवून बायकोला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता, पण शब्द मला दारापर्यंत नीट ऐकू आले. दुपारी ते गेले, आणि मधल्या वेळात दुसरं काही बोलले नाहीत.

"चिमणे, औंदा लुगडं आदी तू नेस. तिला मी सांगतो."