मांजराचा फोटो चालतो

माझी मावशी सव्वीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करतेय. ओल्या चादरी तापलेल्या रोलरमधून जातात. एका टोकाला एक बाई चादर आत घालते, दुसऱ्या टोकाला मावशी वाफाळती चादर पकडून घडी घालते. तिच्या हातांवर कोपरापर्यंत चटक्यांच्या फिकट रेघा आहेत. एका लग्नात बांगड्या भरताना कासारीणही म्हणाली होती म्हणे, की या हातांना बांगड्यांची गरजच नाही. हा विनोद मावशी स्वतःच सांगते आणि स्वतःच हसते.

त्या नऊ दिवसांत मात्र ती हसली नाही. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, घर सोडून गेली होती. वय चोवीस. टेबलावर चिठ्ठी होती: मला शोधू नका.

ताईला दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात, तपासणी विभागात नोकरी लागली होती. काका, म्हणजे मावशीचे यजमान, नाही म्हणाले. वाद झाला, काकांनी हात उचलला, आणि पुढे चार दिवसांनी ती गेली. एवढंच मला सांगितलं गेलं होतं. कारखान्यात फोन केला, तर ती तिथे रुजूच झाली नव्हती. मग मावशी पोलीस चौकीत गेली. पोलिसांनी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "सज्ञान आहे, सांगून गेलीय. हरवली म्हणून कशी नोंद करू?"

आठव्या दिवशी धुलाईघरातल्या एका बाईने सांगितलं, पोरगी भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत दिसली, याच शहरात. मावशी तशीच गणवेशात माझ्याकडे आली.

"अगं, तुझ्या त्या फोनमधल्या ग्रुपवर टाक. शहरातली सगळी माणसं आहेत ना त्यात?"

सगळी नाही, पण ऐंशी हजार होती. गळके नळ, भाड्याच्या खोल्या, सापडलेल्या किल्ल्या, असं सगळं त्या ग्रुपवर चालतं. मी ताईचा फोटो लावला, मावशीचा नंबर दिला. धुलाईघरातल्या बाईने एक सल्लाही दिला होता: मानसिक संतुलन ठीक नाही असं लिहा, म्हणजे लोक लवकर बघतात. मावशी म्हणाली, "लिही. सापडली की पुसू." मी लिहिलं.

त्या ग्रुपवर प्रत्येक पोस्ट आधी एका बाईंकडे जाते. त्या हो म्हणतील तेव्हाच ती लोकांना दिसते. लोक त्यांना नियमबाई म्हणतात. अर्ध्या तासात उत्तर आलं: नियम चार. सज्ञान व्यक्तीचा फोटो पोलिसांच्या नोंद क्रमांकाशिवाय टाकत नाही.

मी लिहिलं, पोलीस नोंद घेत नाहीत. उत्तर: मग मीही घेऊ शकत नाही, माफ करा.

त्याच वेळी ग्रुपवर सगळ्यात वर एका पिवळ्या मांजराचा फोटो होता. हरवलंय, गळ्यात घुंगरू आहे, उजवा कान फाटका. माझं डोकं फिरलं. मी त्याखाली लिहिलं, "मांजराचा फोटो चालतो, माणसाचा नाही. वा नियमबाई!" दीडशे लोकांनी ते उचलून धरलं. कुणी लिहिलं, फुकटची खुर्ची मिळाली की माणसाला शिंगं फुटतात. कुणी लिहिलं, हिच्या घरचं कुणी हरवायला पाहिजे. काकाही ग्रुपमध्ये होते. त्यांनी नियमबाईंना लिहिलं, "तुला बघून घेतो."

मला आणि काकांना एक आठवडा लिहायला बंदी झाली.

मी संगणकावर काम करणारी मुलगी. बंदीला वळसा घालायला मला दहा मिनिटं पुरली. काकांच्या नावाने दुसरं खातं उघडलं, तोच फोटो, तोच मजकूर. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. वीस मिनिटांनी माझं आणि ते नवं, अशी दोन्ही खाती कायमची बंद झाली, आणि आमच्या घरातून त्या ऐंशी हजार माणसांपर्यंत जायची वाटच उरली नाही.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे होती ती वाटपण आपणच घालवली?"

"मी घालवली."

"आता कुणाच्या पाया पडायचं ते सांग. पडते."

नियमबाईंच्या फोटोत त्या शाळेच्या बसच्या चाकामागे बसलेल्या होत्या आणि काचेवर शाळेचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथे गेलो. शाळेच्या कुंपणाला लागून बस उभी होती. पायरीवर बसून एक पन्नाशीच्या बाई डबा खात होत्या. मी नाव सांगितलं.

"अच्छा, मांजरवाली," त्या म्हणाल्या. "बसा. मुलं सुटायला पंचवीस मिनिटं आहेत."

मी माफी मागायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं. "शिव्या रोजच्याच आहेत, बिनपगारी कामाला तेवढाच भत्ता. पण 'बघून घेतो' म्हणणाऱ्या बापाच्याच नावाने दुसरं खातं उघडलंत, तिथे मी घाबरले. ही आई?"

मावशीने हात जोडले. "बाई, फक्त फोटो लावा हो. माझी पोर जिवंत आहे का तेवढं कळू दे."

"चार वर्षांपूर्वी असाच एक फोटो आला होता," त्या डबा मिटत म्हणाल्या. "बायको हरवलीय, मानसिक संतुलन ठीक नाही. मी लगेच हो म्हटलं. दीड तासात लोकांनी पत्ता काढून दिला. नवरा तिथे पोचला. ती वेडी नव्हती, त्याच्यापासून पळाली होती. महिनाभर दवाखान्यात होती. तिला भेटायला गेले, तर तिने भिंतीकडे तोंड केलं." त्यांनी मावशीकडे पाहिलं. "तुमच्या मुलीचं संतुलन खरंच बिघडलंय?"

मावशीने जोडलेले हात खाली घेतले.

"का गेली ती?"

"बापाने मारलं."

"एवढ्यावर चोवीस वर्षांची मुलगी 'शोधू नका' लिहीत नाही."

पलीकडे शाळेत पाढे चालले होते. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तीन दिवस खोलीत कोंडलं होतं तिला. कडी मी लावत होते. हे कामावर जाताना सांगून जायचे आणि मी लावायचे. ती आतून म्हणायची, आई, तू तरी. चौथ्या दिवशी ताट द्यायला उघडलं, पाणी विसरले म्हणून वळले, तेवढ्यात गेली."

मला हे माहीत नव्हतं. आणि 'मानसिक संतुलन ठीक नाही' हे मीच लिहिलं होतं.

"एक विचारते, खरं सांगा," नियमबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "तिचा पत्ता लागला आणि मिस्टरांनी विचारलं, तर सांगाल?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. कुणीही बोललं असतं.

"सांगेन," ती म्हणाली. "त्यांनी आवाज चढवला की माझ्या तोंडून निघून जातं. मला नाही लपवता येत."

"मग फोटो मी कसा लावू? तुम्हीच सांगा."

मावशी तिथेच रडायला लागली. मोठ्याने, तोंड न झाकता. शाळेचा शिपाई फाटकाबाहेर येऊन बघून गेला. नियमबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली, पण नियम सोडला नाही. मला त्यांचा तिथेही राग आला. त्यांच्या जागी मी असते तर फोटो लावला असता, आणि ते चुकीचं झालं असतं, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

"तिला शोधायची पोस्ट मी देणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तिला काही सांगायचं असेल तर ते टाकते. नाव नाही, फोटो नाही, नंबर नाही. खाली कुणाला लिहिता येणार नाही. ती ग्रुपमध्ये असेल तर वाचेल. नसेल तर नाही."

"काय लिहू?"

"ते मी कशी सांगणार?"

मावशीने मला फोन काढायला लावला. तिने पहिलं वाक्य सांगितलं: घरी ये, बाबा काही बोलणार नाहीत. मी टाइप केलं. तिने ते ऐकलं आणि मान हलवली. "खोड. ते बोलतील."

मग म्हणाली: तुझ्याशिवाय जेवण जात नाही. तेही खोडायला लावलं. "हे वाचून येईल ती, आणि परत अडकेल."

मुलं सुटायला दहा मिनिटं उरली होती. मावशी बसच्या चाकाकडे बघत एकेक शब्द सांगू लागली, आणि मी लिहीत गेले.

"कडी मी लावत होते. चूक माझी होती. तू बरोबर होतीस. इकडे येऊ नकोस. कुठे आहेस ते मला सांगू नकोस, मी सांगून टाकीन. जिवंत आहेस एवढं या बाईंना कळव."

"मिस्टर ग्रुपमध्ये आहेत," नियमबाई म्हणाल्या. "खातं बंद केलंय तुमच्या भाचीने उघडलेलं. त्यांच्या स्वतःच्या खात्याला फक्त लिहायची बंदी आहे. ते वाचतील. कळेल त्यांना."

"घरात आम्ही तिघंच होतो. कळणारच." मावशी उठली. "टाका."

त्यांनी स्वतःच्या खात्यावरून ते टाकलं, माझा नंबर घेतला, फोन खिशात घातला आणि बस सुरू केली.

संध्याकाळच्या पाळीला मी मावशीला धुलाईघरापर्यंत सोडलं. माझं खातं बंद, म्हणून एका मैत्रिणीकडून मागून आणलेल्या फोनवर आम्ही आकडा बघत होतो. चार हजार दोनशे जणांनी वाचलं होतं.

"त्यात ती आहे का, कळतं?"

"नाही गं मावशी."

दाराशीच तिचा फोन वाजला. काका होते. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की शब्द मलाही ऐकू येत होते. मावशीने फोन कानापासून थोडा लांब धरला.

"हो, मीच लिहिलंय," ती म्हणाली. "नाही, कुणी शिकवलं नाही… कुठे आहे ते मला माहीत नाही. विचारा, कितीही वेळा विचारा. खरंच माहीत नाही."

तिने फोन बंद करून पिशवीत टाकला. आतून कुणीतरी हाक मारली, चादरी थांबल्या होत्या.

"त्या बसवाल्या बाईंचं काही आलं का?"

"अजून नाही."

"पाळी सुटेपर्यंत तू इथेच थांब, काही आलं तर आत येऊन सांग," ती म्हणाली, आणि बाह्या वर करत आत गेली.