परसातलं झाड आणि आमचे भावजी

मी या घरात आले तेव्हा माझे धाकटे दीर तिसरीत होते. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून त्यांचा डबा, आजारपण, शाळेची फी, सगळं माझ्याच हातून झालं. ते फौजदार झाले तेव्हा वसमतच्या बाजारातून पेढे मीच आणले. पुढं ते दिल्लीच्या अमली पदार्थ खात्यात गेले. दर दोन-तीन वर्षांनी नवा मुलूख, नवी बोली, आणि दरवेळी एक पायरी वर. गेल्या वर्षी एका मोठ्या विभागाचे प्रमुख झाले, बघा. मग काय, गावानं सत्कार ठरवला.

आठ दिवस मी अंगण-परस सारवून राहिले होते. मागचं सगळं गवत उपटलं, एक झाड तेवढं ठेवलं. शेरडांना हगवण लागली की त्याचा पाला वाटून पाजायचा, ही सासूबाईंपासूनची रीत. अर्धी आळी माझ्याकडंच यायची पाला न्यायला.

सत्काराच्या सकाळी भावजी आले, पाय धुवायला मागं गेले आणि तिथंच थबकले.

"वैनी, हे अजून हाय?"

"हाय की. तुमच्या मायच्या झाडाचंच बी. लहानपणी तुमीच तर पाला तोडून आणायचे."

"गांजा हाय हा, वैनी."

"मग? माझी शेरडं काय चिलीम ओढून राहिली?"

एरवी मी असं बोलले की भावजी पोट धरून हसायचे. त्या दिवशी तोंड उतरलं त्यांचं. मी म्हटलं, "थांबा, उपटून चुलीत घालते."

"हात लावू नका. मी बघितलंय आता. दुसऱ्याच्या परसात असतं तर मी काय केलं असतं?"

मला वाटलं, थट्टा करतायत. तर त्यांनी खरंच ठाण्याला फोन लावला! सत्काराच्या बंदोबस्ताला आलेलेच पोलीस घरात आले. तिथला फौजदार बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, राहू द्या ना, म्हाताऱ्या हायत."

"पंचनामा करा," एवढंच भावजी बोलले.

मी चारचौघांत म्हटलं, "काहून शिकवलं तुमाला? मलाच धरून न्यायला?" त्यानंतर मी तोंड शिवून घेतलं.

मला महिला पोलिसाबरोबर ठाण्यात नेलं. मांडवात लोक हार घेऊन बसलेले, पण भावजी तिकडं फिरकलेच नाहीत, माझ्या मागोमाग आले. दुपारी कोर्टात उभं केलं. आत टाकतील, शेरडांना पाणी कोण दाखवील, हेच डोक्यात. माझ्याकडून वकील बोलला, जामीन मिळाला. कारकुनानं विचारलं, "जामीनदार कोण?" भावजी पुढं झाले. त्यानं ओळखलं त्यांना, गडबडून उठलाच. "साहेब, हुद्दा काय लिहू?"

"हुद्दा ऱ्हाऊ द्या. दीर लिहा."

त्यांनी सही केली. बाहेर पायरीवर टेकलो तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा मी बोलले, "भावजी, काही खाल्लं का?"

"न्हाई."

समोरच्या टपरीवरून भजी आणली आणि दोघांनी एकाच कागदात खाल्ली. खटल्याच्या तारखा अजून पडून राहिल्यात. दर तारखेला ते रजा काढून येतात.