ताई घरी नाहीत

लग्न होऊन मी हिवरखेडला आले, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती. खरकटी भांडी मोरीजवळ तशीच पडली होती, अंगणात मेथीचा ढीग जुड्या बांधायला पसरलेला होता, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, कुसुमताई, हात धुऊन कोठीच्या खोलीत निघून गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं काहीतरी ओलं कुटल्यासारखी थप थप सुरू झाली. मी नवी. मला वाटलं, माझंच काही चुकलं असेल. सासूबाईंना विचारलं, "ताई कुठी गेल्या?"

सासूबाई सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते आता घरी नाही."

"मंजे?"

"मंजे नाही. अर्ध्या घंट्यानं येईन."

अर्ध्या तासानं ताई आल्या. कोपरापर्यंत हात राखाडी झाले होते. त्यांनी ते धुतले, भांडी घासली, आणि मेथीपाशी येऊन बसल्या. कोणी काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

ताई जाऊन आता वर्ष होत आलं. लोक मला म्हणतात, रडून घे, मोकळी हो. मला रडू येत नाही. काही वाटत नाही असं म्हटलं तर वाईट दिसेल, पण खरं तेच आहे. जे आठवतं ते जसंच्या तसं आठवतं, आणि त्यातलं काही दुखत नाही.

आमचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. मेथी, कोथिंबीर, पालक, वांगी. पहाटे तोडायचं, धुवायचं, जुड्या बांधायच्या, गाडी अकोटच्या बाजाराला लावून द्यायची, मग स्वयंपाक, मग पुन्हा वावर. ताई या सगळ्यात कुणापेक्षा कमी नव्हत्या. अंगानं बारीक, बोलायला तुटक. त्यांची जुडी बाजारात कधी सुटली नाही. पण दुपारचा तो अर्धा तास त्यांचा होता. तो त्यांनी कुणाला मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता. मी येण्याच्या आधी कधीतरी त्यांनी तो घेऊन टाकला होता, आणि घराला त्यांच्याशी भांडून भांडून कंटाळा आला होता.

"एवढं काम पडलं हाय अन् ही दार लावून बसते," असं सासूबाई म्हणाल्या की ताईंचं उत्तर ठरलेलं असे. "काम कुठी पयून चाललं? इथंच हाय ते. मी आली की करतो."

आत त्या काय करतात हे मला बऱ्याच महिन्यांनी दिसलं. एकदा कांद्याची पोती हलवायला त्यांनीच मला आत बोलावलं. बियाण्याच्या थैल्यांमागच्या फळीवर पाखरं बसली होती. कागदाच्या लगद्याची. एकमेकांवर चिडलेले सातभाई, तारेच्या लांब पायांची टिटवी, तांबूस पंखांचा भारद्वाज, डोळ्याच्या जागी मोहरीचे दाणे. सगळी चांगली नव्हती. एका कोपऱ्यात काही नुसतेच गोळे होते.

"हे कोणतं पाखरू होय?" मी विचारलं.

"पयले पयले तर सारे आलूच झाले," ताई म्हणाल्या, आणि हसल्या. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

त्या परतवाड्याजवळच्या खेड्यातल्या. वडील दुसऱ्याच्या वावरात राखणीला होते, आणि लहानपणी ज्वारी निसवली की ताई त्यांच्यासोबत पाखरं हाकलायला जात. "हाकलता हाकलता पाहून राहत होती मी," एवढंच त्यांनी सांगितलं. सातवीनंतर शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न.

"काय करता मंग याचं?"

"काई नाही."

"मंग काहून करता?"

"करा वाट्टे म्हून. तुले मैतरणीसंग बोला वाट्टे का नाही? तसंच."

लगद्याचं काम सासूबाईंनाही येत होतं. आमच्याकडे बायका रद्दी कागद भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून, कुटून, पालथ्या पातेल्यावर थापून टोपल्या करत. त्यामुळे सासूबाईंचा राग कागदावर नव्हता. "टोपलं केलं असतं तं दाणेगिणे ठेवाले कामी आलं असतं," त्या म्हणायच्या. "पाखराच्या पोटात काय ठेवू?" फळी भरली की ताई जुनी पाखरं पुन्हा भिजत घालायच्या आणि त्याच लगद्याची नवी करायच्या. मला ते बघवत नसे. एवढा छान वेडा राघू, हिरव्या रंगाचा, बादलीत पडून विरघळत होता. मी म्हटलं, ताई, हा तरी ठेवा. त्या म्हणाल्या, "जागा कुठी हाय? अन् ठेवून काय करतं?"

त्या फार प्रेमळ होत्या असंही नाही. माझी मुलगी दोन महिन्यांची असताना एका दुपारी ती रडून रडून निळी पडायला लागली. मला ताप होता, सासूबाई लग्नाला गेल्या होत्या. मी कोठीच्या दारावर थापा मारल्या. "ताई, पोरगी आयकूनच नाही राहिली!"

आतून आवाज आला, "पोटावर हिंग लाव अन् उभी धर. मी घरी नाही."

मी दाराला लाथ मारली. हिंग लावला, तिला उभी धरून अंगणात फिरले, आणि तोंडाला येईल ते बोलले. वेळ झाल्यावर ताई बाहेर आल्या, हात धुतले, मुलीला माझ्याकडून घेतलं आणि मला म्हणाल्या, "जाय, झोप आता." दिवेलागणीपर्यंत त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. त्या दुपारबद्दल मला त्यांचा राग पुष्कळ दिवस होता. त्यांना तो माहीत होता. त्यांनी त्याचं काही केलं नाही.

प्रफुल्ल त्यांचा एकुलता एक मुलगा. मोठी मुलगी अमरावतीला दिलेली, हा धाकटा. अकोल्याला आयटीआयत शिकत होता. शनिवारी मोटारसायकलनं घरी येताना अकोट रस्त्यावर ट्रकनं त्याला उडवलं. फोन माझ्या नवऱ्याला आला. मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी मी भाजली, उतरवली, तूप लावलं आणि गॅस बंद केला. ते मला अजून लख्ख दिसतं. पुढचे दिवस पुसट आहेत.

ताई रडल्या नाहीत. नात्यातल्या बायका म्हणत होत्या, "रडवा तिले, नाही तं डोक्यावर परिणाम होईन." कुणी प्रफुल्लचा शर्ट त्यांच्या मांडीवर आणून ठेवला, कुणी त्यांना धरून हलवलं. त्यांनी शर्टाची घडी केली आणि बाजूला ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत राहिल्या.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी घरात अजून पाहुणे होते. जेवणं उरकली. ताई उठल्या, हात धुतले, कोठीच्या खोलीत गेल्या आणि कडी लावली. बसलेल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग आतून थप थप ऐकू आली.

"बाई हाय का दगड हाय?" कुणीतरी म्हणालं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भासरे, म्हणजे ताईंचे यजमान, ओसरीवर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. ते तसे गरीब स्वभावाचे, आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेचकस आणला आणि कोठीच्या दाराची आतली कडी काढून टाकली. ताई तिथंच उभ्या होत्या. कडी निघाल्यावर खाली लाकडाचा भुसा पडला होता. तो त्यांनी फडक्यानं पुसून घेतला.

त्या दुपारी त्या नेहमीसारख्या आत गेल्या. पण ते दार उताराचं होतं, कडी नसली की आपोआप उघडायचं. त्या ओढून घ्यायच्या, ते उघडायचं. जाणारा येणारा आत डोकावत होता. ताई बादलीपुढे बसून होत्या, दोन्ही हात लगद्यात, आणि हलत नव्हत्या. एक पाहुणी दाराशी उभी राहून चक्क बघत होती, जनावर बघावं तशी.

ती पाहुणी गेली त्या दिवशी मी सूप घेतलं, त्यात तुरीची डाळ घेतली, आणि ताई आत गेल्यावर दार लोटून त्याला बाहेरून पाठ लावून बसले. असं करायचं मी ठरवलं नव्हतं. डाळ निवडायचीच होती, कुठंतरी बसायचंच होतं.

थोड्या वेळानं भासरे आले. आमच्याकडे भासरे आणि धाकट्या भावाची बायको समोरासमोर बोलत नाहीत. इतक्या वर्षांत आम्ही थेट बोललो असू ते एखाद-दोनदा. ते जरा दूर उभे राहिले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, "दार मोकळं करा म्हना."

मी सुपातल्या डाळीकडे पाहत म्हटलं, "ताई घरी नाहीत."

मला वाटलं, आता ओरडतील. डाळ निवडताना माझ्या बोटांना काही कळत नव्हतं, खडे आणि दाणे सारखेच लागत होते.

"काय करून राहिली ते?" त्यांनी विचारलं. आवाज वेगळा होता.

"मले माहीत नाही."

खरोखरच माहीत नव्हतं. आतून काहीच आवाज येत नव्हता. भासरे ओसरीवर जाऊन बसले. वेळ झाल्यावर ताईंनी आतून दारावर बोटं वाजवली, मी सरकले, त्या बाहेर आल्या. त्यांचे हात कोरडे होते.

मग ते तसंच चालू राहिलं. मी रोज काहीतरी घेऊन तिथं बसायचे. डाळ, शेंगा, बटण तुटलेला शर्ट. ताई आत जायच्या, बाहेर यायच्या. पाखरू एकही झालं नाही. भिजवलेला कागद नासला, त्याला वास सुटला, तो त्यांनी उकिरड्यावर टाकला आणि नवा भिजवला. तोही नासला. एकदा वावरातून येताना मी विचारलं, "ताई, आता काही करत नाही का तुमी?"

"हात चालत नाही."

"मंग आत काहून जाता?"

"बसतो नुसती." थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "नाही बसली तं तेही जाईन. मंग काईच राहत नाही."

पुढचा उन्हाळा आला. एका दुपारी मी दाराला टेकून लसूण सोलत होते आणि पाठीला हादरा जाणवला. आधी पाठीलाच जाणवला, मग ऐकू आला. थप. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा थप थप. ओसरीवर भासरे टीव्हीवर बातम्या पाहत होते. त्यांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट हातात धरून तसेच बसून राहिले. त्या दिवशी ताईंनी काय केलं ते मी पाहायला गेले नाही. नंतर फळीवर दिसला तो एक साधा होला होता, आणि तोही जरा आलूसारखाच.

माझ्या नवऱ्यानं अकोल्यात बी-बियाण्यांचं दुकान टाकलं आणि आम्ही तिकडे राहायला गेलो. ताईंशी फोनवर बोलणं व्हायचं, पण त्या फोनवर फारशा रमत नसत. मला अकोल्यात बायका विचारतात, दुपारी काय करता, काही छंद लावून घ्या. मला काही करता येत नाही. दुपारी मी झोपते.

ताईंच्या पोटाचं दुखणं निघालं तेव्हा त्यांच्या मुलीनं त्यांना अमरावतीला नेलं आणि तिथल्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, उशीर झाला आहे. मी अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीनं आणि पुढं ऑटोनं जात असे, दोन दिवस राहून परत येत असे. त्यांचे केस विंचरायचे, पाय दाबायचे, सूप भरवायचं. हे सगळं मी नीट केलं. मला काही वाटत होतं का, ते मला सांगता येणार नाही.

शेजारच्या पलंगावर बडनेऱ्याची एक बोलकी बाई होती, रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाची बायको. सगळ्यांची चौकशी करायची. एका दुपारी तिनं विचारलं, "तुमच्या ताई काय करतात?"

"घरची शेती हाय," मी म्हटलं. "भाजीपाला. अन् घरचं सारं."

ताईंचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपल्या आहेत. त्या म्हणाल्या, "पाखरं करतो."

"काय करता?"

"पाखरं. कागदाची."

"अगबाई! विकता का?"

"नाही."

ती बाई पुढं काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली. ताईंनी कूस वळवली. पण मी ऐकलं होतं. इतक्या वर्षांत परक्या माणसाला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं होतं.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्या गेल्या. त्यांची मुलगी कागदपत्रांसाठी खाली गेली होती. मी आणि भासरे पलंगापाशी उभे होतो, चादर बदलायला दवाखान्यातली मावशी आली होती. शेजारच्या बाई तपासणीहून परत आल्या, रिकामा पलंग पाहून दारातच थांबल्या.

"गेल्या का वो, पाखरंवाल्या बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी बोलणार होते. पण भासऱ्यांनी आधी उत्तर दिलं. माझ्यादेखत, त्या परक्या बाईच्या तोंडाकडे पाहून ते म्हणाले, "हो. पाखरंवाली बाई गेली."