हसू माझं, पाणी कॅनचं

"हास ना व बाई, दात दखाड! तुन्हा घर पाणी उनं शे, कोनी मरेल नही!"

चॅनेलभाऊ मोबाइल रोखून माझ्यावर ओरडत होता. सरपंचाचा पुतण्या. ग्रामपंचायतीचं ऑनलाइन काम तोच बघतो आणि गावाच्या बातम्यांचं चॅनेलही तोच चालवतो. म्हणजे दळणारा तोच, चाळणाराही तोच.

माझ्या कुडाला नळ लावलेला. नवाकोरा, चकचकीत. जमिनीत पाइप नाहीच. पाइप कुडातून आरपार गेलेला. कुडामागे त्याचा दोस्त पाण्याचा कॅन आणि नरसाळं घेऊन उकिडवा बसलेला. इकडून हात हलला की तिकडून धार.

"हाई नुसतं टेस्टिंग शे," तो म्हणाला होता. "व्हिडिओ वर गया का खरं पाणी सुरू."

मी हसले. मग म्हणाला, लुगडं बदल. मी दुसरं नेसून आले, तर तेही फाटकं.

"गरीब दिस, पन इतली नही!"

मग शेजारणीचं लुगडं नेसून हसले. हात ओले करून हसले. धारेखाली हंडा धरून हसले, मग म्हणाला हंड्याला पोचे पडलेत, काढ.

शूटिंग संपलं. कॅन अर्धा उरला होता. माझ्या जावेनं आपला हंडा पुढे केला. भाऊनं तिच्याकडे बघितलंही नाही. कॅन उचलला आणि सगळं पाणी मोटरसायकलच्या चिखलावर ओतलं. सावकाश. दोन्ही चाकं धुतली. आम्ही भिलाटीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन बघत उभ्या. गाडी पाणी प्यायली.

आता मी कोण, ते सांगते. गावाच्या टोकाला आमची भिल्लांची भिलाटी. तिथली नंबर एकची थापाडी म्हणजे मी. माझ्या लंगड्या बकरीनं सारंगखेड्याच्या जत्रेत लाखाच्या घोड्याला मागे टाकलं, आणि घोड्याचा मालक तिथेच रडला, हे मी इतक्यांदा सांगितलंय की बकरीलाही ते खरं वाटतं. पोरं हसतात, म्हातारी हसतात. माझ्या थापेनं कोणाचा घसा कोरडा पडला नाही.

भाऊच्या थापेनं पडला. व्हिडिओ वर गेला आणि भिलाटीत येणारा टँकर बंद झाला.

हातपंप आधीच मेलेला. उरली बागायतदाराची विहीर, तीही त्याच्या मर्जीची. पलीकडे उसाला पाटानं पाणी, आणि आम्ही घागरभर पाण्यासाठी बांधावर ताटकळत. शेवटी मी जावेला घेऊन शहाद्याच्या कचेरीत गेले.

साहेब तरणा होता. बोलू दिलं, मग कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला.

"ही तूच ना?"

मीच. शेजारणीच्या लुगड्यात. बत्तिशी बाहेर. मागे सनई लावलेली. खाली लिहिलेलं साहेबानंच वाचून दाखवलं, 'भिलाटीत गंगा अवतरली'.

"तुमच्या वस्तीला शंभर टक्के पाणी दिसतंय. टँकर कसा देऊ?"

"साहेब, ते पाणी कॅनचं होतं."

दारातला शिपाई आमच्याच गावचा. तो फिस्सकन हसला. "साहेब, हाई बाई थापाडी शे. हिनी बकरी घोडास्ले हारावस!"

कचेरी अशी हसली की छताचा पंखा उलटा फिरला. साहेबही हसला.

"मग बाई, तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस?"

माझं तोंड म्हणजे उतारावरची बैलगाडी. कधी थांबलं नव्हतं. त्या दिवशी थांबलं. कोणी दाबलं असतं तर चावले असते. पण माझ्याच हसण्यानं ते बंद केलं होतं.

पूर्वी बातमीवर वाद झाला की माणूस म्हणायचा, चल, बघून येऊ. भिलाटी काही लंकेत नाही, फटफटीनं घटकाभराचा रस्ता. पण आता येतो कोण? सगळे म्हणतात, बघितलंय. मोबाइलमध्ये बघितलंय.

जिना उतरताना जाव रडत होती. मी रडले नाही. मला एकच कळलं होतं. त्यांना आमची तहान नको, मत नको, बोलणं तर नकोच. त्यांना आमचं फक्त तोंड लागतं. आणि ते तोंड आमचं आहे.

मग ग्रामसभा आली. आमच्याकडे ग्रामसभा म्हणजे फोटो. माणसं बसवायची, जागेवरून फोटो वर पाठवायचा, चहा पाजायचा, घरी धाडायचं. ठराव मागाहून निवांत लिहायचे. या वेळचा ठराव होता, गावात घरोघर पाणी पोचलं. म्हणून भिलाटीतल्या बाया पुढच्या ओळीत हव्या होत्या.

बसलो. भाऊनं मोबाइल उचलला. मी बसल्या जागी फिरले. पाठ मोबाइलला.

"पहिले पाणी, मंग फोटू."

जाव फिरली. मग शेजारीण. मग आख्खी ओळ.

"व बाई, तोंड फिराव!" भाऊ ओरडला आणि धावत आमच्यासमोर आला. आम्ही परत फिरलो. तो परत धावला. आम्ही परत फिरलो. मागे बसलेले गडी हसायला लागले, पण सरपंच उभा राहिला आणि हसू तिथेच मेलं.

"टँकर कायमना बंद करसू," तो म्हणाला. हळू आवाजात.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून ओळीकडे बघितलं. कोणी उठेल का? एक जरी उठली तर सगळं गेलं.

ओळीच्या टोकाला बसलेली म्हातारी बोलली, "करा ना, सरपंचदादा. आते चालू कोठे शे?"

कोणी उठलं नाही. फोटो निघाला नाही. सभा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी बागायतदारानं विहिरीला काटेरी कुंपण घातलं. आता आम्ही नदीवर जातो. येताना मानेचा काटा ढिला होतो. टँकर आलेला नाही. यात एक शब्दही वाढवलेला नाही.

सभा पुन्हा बोलावलीय. आम्ही जाणार. या वेळी आमचे गडीही येणार. पुढच्याच ओळीत बसणार. पाठ करून.