हवापालटाला भिवंडी

आमच्या गावाला लोक हवा खायला येतात. माळशेजच्या पायथ्याशी माझी छोटी खानावळ आहे आणि दारावरच्या पाटीवर ‘चुलीवरचं जेवण’ एवढंच लिहिलंय. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या थांबतात, माणसं पिठलं-भाकरी खातात, खोल श्वास घेतात आणि ‘तुम्ही नशीबवान’ म्हणून निघून जातात. त्यामुळे भिवंडीला निघाले ती चांगल्या हवेची मालकीण असल्याच्या तोऱ्यातच.

कारण मात्र गमतीचं नव्हतं. माझी धाकटी बहीण भिवंडीजवळच्या शेलार गावात दिलेली. तिचे थोरले दीर गेल्या वर्षी छातीत कळ येऊन बसल्या जागी गेले. तिचे यजमान गणपतराव राहनाळच्या गोदामात ट्रक भरून घेतात, म्हणजे दिवसभर गाड्यांच्या धुरातच. गोदामात कामगारांसाठी आणि घरच्यांसाठी तपासणी शिबिर होतं आणि हा गडी काही केल्या तयार होईना. बहीण फोनवर रडली. “ताई, तुझं तेवढं ऐकतील.”

कल्याणहून पुढे आले आणि धामणकर नाक्यावर उतरले. गल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट, समोर ट्रकची रांग, आणि वर आभाळ कुठल्या रंगाचं आहे ते ठरवता येईना. मी पदर नाकाला लावला.

“मौसी, गाव से आयी लगती हो,” शेअर रिक्षावाला हसला. “शेलार? बीच में बैठो, धूल कम लगेगी.” कडेच्या तरुणाला त्याने सरकायला लावलं. अनोळखी गावात असं कुणी जागा करून दिली की बरं वाटतं.

बहिणीने तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट वाढली. गणपतराव खाली मान घालून जेवत होते. मी विषय काढला.

“मना (मला) काय झालंय, ताई? बिडी न्हाय, तंबाखू न्हाय.”

“तुमच्या भावाला तरी कुठे होती?”

बहीण पदराआड डोळे पुसू लागली. शेवटी गणपतराव म्हणाले, “येतो. पन पयला मान पाहुनीचा. आदी तुमी झोपायचं त्या मशीनखाली, मग मी.”

मी हसून कबूल केलं. मला कसली भीती?

राहनाळच्या गोदामात खोक्यांच्या थप्प्यांमध्ये पडदा लावून खाट टाकली होती. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी माझ्या मानेला गार जेली लावून यंत्र फिरवलं. मानेतल्या रक्तवाहिनीवरून हृदयाच्या बिघाडाचा पहिला अंदाज येतो, असं त्या सांगत होत्या. मग यंत्र एका जागी थांबलं.

“मावशी, मिश्री वगैरे लावता?”

“नाही हो.”

“स्वयंपाक कशावर करता?”

“चुलीवर!” मी अभिमानाने सांगितलं. “पंचवीस वर्षं झाली.”

“बंद खोलीत?”

“हो, एकच खिडकी,” मी हळूच म्हणाले. बाईंनी यंत्राच्या पडद्यावर दाखवलं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर थोडं जाड झालं होतं. “अडथळा नाही, घाबरू नका. एकट्या धुरानेच झालंय असंही मी म्हणणार नाही. रक्तदाब, साखर, चरबी तपासून घ्या. पण धूर ट्रकचा काय, लाकडाचा काय, वर्षानुवर्षं आत गेला की रक्तवाहिन्यांना जाचतोच.”

मग गणपतराव झोपले. त्यांचंही तसंच निघालं. थोडं जाड, अडथळा नाही. बाहेर बहीण दोघांचे हात धरून उभी राहिली. “वेळेवर कळलं,” एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती. गणपतरावांनी बाईंनी लिहून दिलेलं औषध चुकवणार नाही आणि ट्रकजवळ मास्क काढणार नाही, अशी तिच्या गळ्याची शपथ घेतली. एरवी ते कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन नाक्यावर पत्र्याच्या दुकानात गेले. चुलीच्या वर टांगायचं छत्रासारखं झाकण आणि छपरातून बाहेर काढायला लांब नळी बनवून घेतली. “चूल सोडवंत न्हाय तर नका सोडू. धूर तरी भायेर घालवा.” मी त्यांना वाचवायला आले होते.

परतीच्या एसटीत ते धुराडं सीटखाली मावेना. “मावशी, तोफ कुठे नेताय?” कंडक्टर म्हणाला आणि अख्खी गाडी हसली. मीसुद्धा हसले. पदर नाकाला लावायची मात्र आठवणच झाली नाही. ज्या गावाच्या हवेला नाक मुरडत आले, तिथल्या माणसांनी माझा जीव जपला होता. त्यांचे उपकार कसे फेडू?

धुराडं बसलं. स्वयंपाकघराला मी दुसरी खिडकीही पाडली. भाकरी थापताना आता डोळे चुरचुरत नाहीत. परवा ठाण्याचे एक गृहस्थ जेवून अंगणात आले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “काय हवा आहे हो तुमच्याकडे!”

“भिवंडीहून आणलीय,” मी म्हणाले.